खिळ्याला टांगलेली वायर

आमच्या गावात निराधारच्या पैशांना कुणी अनुदान म्हणत नाही, पगार म्हणतात. महिन्याची दहा तारीख उलटली की माझ्या सेवा केंद्राच्या पायरीवर म्हातारी माणसं येऊन बसतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘पगार आला का, माय?’ मी मशीनवर बोट ठेवायला सांगते, बँक निवडते आणि खात्यात किती आहेत ते वाचून दाखवते. आले असले तर लगेच काढून देते.

२०२५च्या फेब्रुवारीपासून आमच्या गल्लीतल्या मावशींचा पगार आला नाही.

मावशींचं वय ७१. श्रावणबाळ योजनेत त्यांचं नाव आहे, महिन्याला १,५०० रुपये. २०२३पर्यंत हजारच होते. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, त्या घरातल्या माणसाला ही योजना मिळते. म्हणजे महिन्याला साडेसतराशेच्या आत भागवणारं घर, आणि त्यातले दीड हजार बंद झालेले. पहिल्या महिन्यात मावशींनी दूध बंद केलं. एप्रिलमध्ये मला कळलं की बीपीची गोळी त्या एक दिवसाआड घेतात. मी रागावले, तर म्हणाल्या, ‘मेडिकलवाला काही बोलत नाही गं, पण किती दिवस उधार मागावं?’

मी तहसीलच्या संगायो शाखेला फोन लावायला लागले. संगायो म्हणजे संजय गांधी योजना. श्रावणबाळचं कामही तिथूनच चालतं. कार्यालयाचा लँडलाइन नंबर माझ्याकडे होता. रिंग व्हायची. पूर्ण वाजून बंद व्हायची. मी सकाळी साडेदहाला लावून बघितला, जेवणाच्या सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर लावून बघितला, पाचच्या सुमारासही लावला. केंद्रात नोंदींची एक वही असते, तिच्या मागच्या पानावर मी तारखा टाकत गेले. जुलैपर्यंत ३४ वेळा. प्रत्येक वेळी वाटायचं, रिंग होतेय म्हणजे टेबलावर फोन आहे, जवळपास कुणीतरी असेल, आज ना उद्या उचलेल.

ओळखीच्या कोतवालाकडून शाखेतल्या लिपिकांचा मोबाइल नंबर मिळवला. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: ‘नमस्कार सर. आमच्या गावच्या एक लाभार्थी, श्रावणबाळ, फेब्रुवारीपासून पैसे जमा नाहीत. हयातीचा दाखला दिलेला आहे, पोच सोबत जोडली आहे. कृपया कारण कळवावे.’ दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. आठवड्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा निळ्या खुणा. असे सात मेसेज. वाचलं जातंय हे दिसत होतं आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. मावशी रोज विचारायच्या आणि मी रोज तेच सांगायचे, ‘विचारलंय मावशी, अजून कळवलं नाही.’

आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली. तीन आठवडे उलटून गेल्यावर तक्रार निकाली काढल्याचं दिसलं. शेरा होता: संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. त्याच कार्यालयाशी संपर्क होत नाही म्हणून तर तक्रार केली होती.

माझ्या परीनं जे तपासता येतं ते तपासून झालं होतं. मावशींच्या बँकेत जाऊन आले. आधार लिंक आहे, खातं चालू आहे, असं तिथं सांगितलं. पैसे आधारनं नेमके कोणत्या बँकेत वळतात ते ऑनलाइन बघता येतं, पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. मावशींच्या आधारला नंबर होता त्यांच्या गेलेल्या मुलाचा. तो कधीच बंद झालेला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी मी केंद्राला कुलूप लावलं आणि मावशींना घेऊन सकाळच्या एसटीत बसले. आम्हा दोघींनाही अर्धं तिकीट, तरीही मावशींनी परतीचे पैसे आधीच पदराच्या गाठीत बांधून घेतले होते. पासबुक, आधार, हयातीच्या दाखल्याची पोच, सगळं एका पिशवीत.

शाखेत पोहोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. बाहेरच्या बाकावर दोन दिव्यांग मुलगे आणि एक बाई तान्हं बाळ घेऊन बसलेली. ‘साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला बसलेत,’ असं शिपाई म्हणाला. भिंतीवर नागरिकांची सनद लावलेली, तिच्यावर कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. मी ३४ वेळा लावलेला तोच. माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी मोबाइल काढला आणि तिथंच उभी राहून तो नंबर लावला.

माझ्या कानात रिंग वाजत होती. खोलीत काहीच वाजत नव्हतं.

मी शिपायाला विचारलं, ‘दादा, इथला फोन कुठं असतो?’ त्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकलेला होता आणि त्याला करड्या रंगाची वायर वेटोळं करून टांगलेली होती. टोकाला काहीच नाही. फोनचं यंत्र बिघडलं म्हणून कधीतरी काढून नेलं होतं, नवीन आलं नव्हतं. लाइन मात्र चालू होती, त्यामुळे बाहेरून लावणाऱ्याला रिंग ऐकू यायची. वायरीवर इतकी धूळ होती की बोट लावलं तर ठसा उमटला.

इतके दिवस मी त्या वायरीला फोन लावत होते. आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावातून माझ्यासारखं कुणी ना कुणी लावत असणार. कुणी रोजगार हमीच्या कामावरून, कुणी दवाखान्याच्या रांगेतून. रिंग होतेय म्हणून थांबत असणार.

लिपिक सव्वाबाराला आले. तिशीतला मुलगा, डोळे तारवटलेले. मी मेसेजचा विषय काढला तर त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. न वाचलेल्या मेसेजची रांगच रांग, अंगठ्यानं सरकवत गेला तरी संपेना. ‘ताई, हा माझा घरचा नंबर आहे. ऑफिसनं दिलेला नाही. अख्खा तालुका माझ्याकडे, वर निवडणूक शाखेचा कार्यभार. रात्री मेसेज उघडतो, वाचतो. पण कारण बघायला पोर्टल उघडावं लागतं, ते ऑफिसातच. सकाळी आलो की समोर ही माणसं.’ त्याचं खोटं नव्हतं. एका माणसावर एवढं काम टाकणाऱ्यांचा मला जास्त राग आला. पण मावशींच्या गोळ्या चुकल्या तेही खरंच होतं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. तो गप्प झाला. मग आधार नंबर मागितला.

दोन मिनिटंही लागली नाहीत.

‘पैसे तर जातायत की,’ तो म्हणाला. ‘फेब्रुवारी ते जून, सगळे जमा दिसतायत.’ मी पासबुक पुढे केलं. त्यानं मान हलवली. ‘या बँकेत नाही. ही बघा.’ पडद्यावर दुसऱ्याच बँकेचं नाव होतं, मोबाइलवरून चालणारी.

तेव्हा सगळा उलगडा झाला. पूर्वी तहसीलची यादी बँकेत जायची आणि खाते क्रमांक बघून पैसे पडायचे. डिसेंबर २०२४पासून हे पैसे थेट डीबीटीनं द्यायचं ठरलं, म्हणजे आता आधार ज्या खात्याशी शेवटचा जोडला गेला तिथंच ते वळतात. मी मावशींना विचारलं, ‘कुठं अंगठा दिला होता का?’ त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. दोन-अडीच वर्षांपूर्वी आठवडी बाजारात छत्रीखाली बसलेल्या एका पोराकडून सिमकार्ड घेतलं होतं. त्यानं तीनदा अंगठा लावून घेतला होता. ‘मला वाटलं, एकदा उठला नसंल,’ मावशी म्हणाल्या. एक अंगठा सिमचा होता आणि एक खात्याचा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

‘पैसे दुसऱ्या बँकेत जातायत.’ पाच महिन्यांत कुणी एवढं एकच वाक्य बोललं असतं तरी मावशींची एकही गोळी चुकली नसती. मी ते वाक्य मोजलं. चार शब्द आहेत.

निघण्याआधी मी तिथंच कागद घेऊन तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. दूरध्वनी यंत्र बसवावं, आणि शाखेला कार्यालयीन मोबाइल द्यावा ज्यावर लाभार्थ्यांना उत्तर मिळेल. आवक-जावकला देऊन पोच घेतली. शिक्का पुसट उमटला म्हणून पुन्हा मारून घेतला.

गावात परतलो तेव्हा साडेचार वाजले होते. केंद्र उघडलं, मशीन लावलं, यादीत ती दुसरी बँक निवडली. मावशींचा अंगठा लागला नाही. आयुष्यभर भांडी, माती आणि कापूस वेचून बोटांवरच्या रेषा झिजल्यात. तर्जनीही लागली नाही. मी म्हटलं, ‘केसांवर फिरवा बोट, थोडं तेल लागू द्या.’ मधलं बोट त्यांनी कानामागून हळूच फिरवलं आणि काचेवर ठेवून डोळे मिटले.

७,५०० रुपये.

मी आकडा मोठ्यानं वाचला. मावशींनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘सगळे नको काढू. मेडिकलचे तेवढे दे, दोन हजार. बाकीचे आपल्या जुन्या पुस्तकात येतील असं कर.’ दोन हजार मोजून त्यांनी पदराच्या त्याच गाठीत बांधले आणि घरी न जाता सरळ मेडिकलच्या दिशेनं गेल्या. जुन्या बँकेत आधार पुन्हा जोडण्याचा फॉर्म मी त्याच संध्याकाळी भरून ठेवला.

रात्री वही उघडली. पगार थांबलेल्यांची अजून नऊ नावं तिच्यात होती. सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, तहसीलमधून कळलं की सांगते. पहिल्या नावापुढचा नंबर लावला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

‘काका, झोपला नव्हता ना? एक विचारायचं होतं. मागं कधी बाजारात सिमकार्ड घेतलं होतं का तुम्ही?’