मेंदीनंतरचे केशरी केस: मी नीळ कशी चढवते

मेंदी धुतल्यावर आरशात केस भडक केशरी दिसले तरी त्या दिवशी मी त्यांना हात लावत नाही. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट धरतं आणि पुढचे दोन-तीन दिवस हवा लागून गडद होत जातं. हातावरची मेंदी काढल्या काढल्या केशरी असते आणि दुसऱ्या दिवशी विटकरी होते, तेच इथेही होतं. तिसऱ्या दिवशी उन्हात उभं राहून पाहायचं. तेव्हाही खटकत असेल तरच पुढचा खटाटोप.

काळ्या केसांवर हा प्रश्न सहसा येत नाही. मेंदी केसांचा मूळ रंग काढत नाही, त्यावर पारदर्शक लालसर थर देते. पांढऱ्या केसात खाली काळेपणा नसल्यामुळे तो थर आहे तसा दिसतो. म्हणून भांग आणि कानशिलं आधी केशरी होतात.

लिंबू चोळून हा रंग जात नाही, केस मात्र कोरडे पडतात. कोमट खोबरेल काही तास ठेवून शाम्पू केला तर ताजा रंग किंचित उतरतो, एवढंच. पार्लरमधला जांभळा शाम्पू पिवळेपणासाठी असतो. केशरीला काटतो तो निळा रंग, आणि मेंदीवर टिकणारा निळा म्हणजे नीळ.

ही नीळ म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया या झुडपाच्या पानांची हिरवट पूड. कपड्यांना घालायची नीळ वेगळी, ती डोक्याला लावायची नाही. पाकिटावर घटक एकच असावा. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा पीपीडी हे रसायन असतं, त्याने काहींना टाळूवर फोड आणि चेहऱ्यावर सूज येते. पूड शुद्ध असली तरी आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडी लावून पाहावीच.

फक्त मुळांसाठी ५० ग्रॅम पुरते, खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण २०० ग्रॅम लागते. आधी शाम्पू करून तेल पूर्ण काढायचं आणि कंडिशनर लावायचा नाही. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवायचे. मग काचेच्या भांड्यात पूड घेऊन १०० ग्रॅमला पाव चमचा मीठ घालायचं आणि कोमट पाणी थोडं थोडं ओतत घट्ट दह्याइतकं कालवायचं. पाणी उकळतं नको. लिंबू, दही, चहा, आवळा यातलं काहीही इथे घालायचं नाही, कारण आंबटाने निळीचा रंग मरतो. मेंदीच्या सवयीने हात लिंबाकडे जातोच, आणि नीळ न चढण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. उरलेली बहुतेक उशिराची. मेंदी रात्रभर भिजते, नीळ थांबत नाही. १० ते १५ मिनिटांत वर गडद निळसर साय धरते, तेव्हा लावायला घ्यायचं आणि अर्ध्या तासात संपवायचं. डोकं मोठं असेल तर दोन वाट्यांत दोनदा कालवलेलं बरं.

हातमोजे घालून बारीक भाग पाडत मुळांपासून जाड लेप द्यायचा. कानशिलांपासून सुरुवात करते, तिथले केस चिवट. वर प्लास्टिकची टोपी हवीच. लेप वाळला की रंग चढणं थांबतं. वास ओल्या वाटाण्यासारखा येतो, तो दोन दिवस राहतो. २० मिनिटांत केशरीचा तपकिरी होतो, ४५ मिनिटांत गडद तपकिरी, दीड-दोन तासांत जवळजवळ काळा. हे अंदाज आहेत. विंचरताना गळलेल्या केशरी केसांची बट बांधून आधी त्यावर वेळ ठरवावी. नीळ जास्त झाली तर उतरवणं कठीण, कमी पडली तर पुन्हा लावता येते, म्हणून मी पहिल्यांदा कमीच ठेवते.

धुताना साधं पाणी, गाठी सुटायला थोडा कंडिशनर. शाम्पू दोन दिवस नाही. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नये, हवा लागून तो हिरवटपणा एक-दोन दिवसांत जातो. तोवर उशीला जुना अभ्रा.

काळेपणा नको, नुसता भडकपणा कमी हवा असेल तर पुढच्या वेळी १०० ग्रॅम मेंदीत २५ ग्रॅम आवळा पूड घालावी. लाली जरा शांत होते. तपकिरी हवा असेल तर मेंदी आणि नीळ सारख्या वजनाने घ्यायच्या, पण कालवायच्या वेगवेगळ्या आणि लावताना एकत्र करायच्या. लोखंडी कढईने मेंदी थोडी गडद होते खरी, पण पांढऱ्या केसावर तेवढ्याने भागत नाही. चहा-कॉफीचा रंग तर पहिल्या धुण्यातच बराचसा जातो.

निळीचा रंग मेंदीआधी विटतो, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत लाली परत डोकावते. तेव्हा मेंदी फक्त नव्या मुळांना आणि नीळ लागेल तिथे, नाहीतर टोकं थरावर थर चढून काळीकुट्ट होतात.

आणि निळीवर ब्लीच करायचं असेल तर आधी एका बटेवर बघावं. लाल निघून जातो आणि मागे हिरवा उरतो, असं होऊ शकतं.