‘उपप्रजाती’चा रकाना आणि नैरोबीचे वॉटरबक

केनियातल्या वॉटरबक या हरणाच्या लेंड्यांचे नमुने देशाबाहेर न्यायचा परवाना अखेर मिळाला, पण अर्जातल्या एका रकान्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितोय. पुढे कुणी संकर झालेल्या हरणांवर काम करणार असेल, तर त्याला उपयोग होईल.

रकाना होता ‘उपप्रजाती’चा. भरणं सक्तीचं आणि पर्याय दोनच: एलिप्सिप्रिम्नस किंवा डेफासा. पहिल्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीभोवतीच्या मागच्या भागावर, पांढरं कडं असतं, दुसऱ्याचा पुठ्ठा सगळाच पांढरा. एरवी लांबूनही ओळखू येतात. पण मी काम करत होतो नैरोबी राष्ट्रीय उद्यानात, जिथे या दोघांचा संकर होतो. तिथे कडं अर्धवट भरून आलेली जनावरंही दिसतात. त्यांना कुठल्या नावाखाली घालायचं? ते ठरवण्यासाठीच तर नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे होते!

‘संकर असण्याची शक्यता, तपासणी बाकी’ असं लिहिलं, अर्ज परत आला. ‘अनिश्चित’ लिहिलं, तरी परत. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “दोन्हीपैकी एक लिहून टाका, पुढे कोण बघतंय?” मी लिहिलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे. कागदावरचं नाव नमुन्याला कायमचं चिकटतं. उद्या दुसऱ्या कुणी तोच नमुना शुद्ध डेफासा समजून तुलनेला घेतला, तर दोन गटांतला फरक आहे त्यापेक्षा कमी दिसेल आणि जनुकप्रवाहाचा, म्हणजे एका गटातली जनुकं दुसऱ्यात किती जातात याचा, सगळा हिशेब बिघडेल.

मला सगळ्यात जास्त गरज या मधल्या जनावरांचीच होती. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीने (रिफ्ट व्हॅलीने) हे दोन गट बराच काळ वेगळे ठेवले. त्या काळात काही गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली, त्यामुळे एलिप्सिप्रिम्नसमध्ये ती ५० ते ५२ असतात आणि डेफासात ५३-५४. तरीही गाठ पडली की त्यांना पिल्लं होतात. मात्र जिथे संकर होतो त्या पट्ट्यापासून लांब गेलं की दोघांच्या जनुकांची सरमिसळ फारच कमी आढळते. जनुकं पलीकडे का सरकत नाहीत? संकराच्या पुढच्या पिढ्या कमी टिकतात, की विणीच्या काळात नर-मादी आपल्यासारख्याच जोडीदाराला पसंती देतात? एका प्रजातीच्या दोन कधी होतात, हे समजायचं तर या पट्ट्यातलं प्रत्येक जनावर हवं. आणि अर्ज नेमकी तीच नाकारत होता.

शेवटी सुटका झाली ती जोडपत्रामुळे. प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, जागा आणि त्या जनावराच्या पुठ्ठ्याचा फोटो असा तक्ता केला. स्थानिक सहकारी शास्त्रज्ञांनी सोबत पत्र दिलं की ओळख फक्त प्रजातीपर्यंतच खात्रीची आहे. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी फोटो शांतपणे पाहिले आणि रकान्यात स्वतःच्या हाताने ‘प्रजाती पातळीवर’ असं लिहून सही केली. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले.

म्हणून लेंड्या गोळा करताना जनावराचा मागून फोटो घ्याच, आणि लेंड्या ताज्याच उचला. त्यांच्यावरच्या आतड्याच्या पेशींतून डीएनए मिळतो आणि उन्हात तो लवकर खराब होतो. फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएवर थांबू नका. तो आईकडूनच येतो, संकरातला बापाचा वाटा त्यात दिसत नाही. दुसऱ्या देशातली जैविक संसाधनं वापरण्याबद्दलच्या नागोया या आंतरराष्ट्रीय करारानुसार लागणारी संमती आणि लाभवाटपाचा करार मात्र नमुने गोळा करण्याआधीच हातात हवा. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आणि नुसत्या लेंड्या आहेत म्हणून पशुवैद्यकीय परवाना लागणार नाही, असं गृहीत धरू नका. रवंथ करणारं जनावर म्हटलं की लाळ्या-खुरकतीचा प्रश्न येतोच. जिथे नमुने जाणार, त्या देशाचे नियम तिथल्या प्रयोगशाळेकडून लेखी मागवून घ्या.