लॅम्डाच्या नोंदी: लिनिया टी-जेटचे फेरट्यूनिंग

गाडी तीच आहे, १३६८ सीसीची टर्बो पेट्रोल लिनिया टी-जेट, आणि २०२२ साली बसवलेला स्टँडअलोन ईसीयूही (इंजिन चालवणारा स्वतंत्र संगणक) तोच आहे. त्या वेळी इंधनाचा मॅप (कोणत्या आरपीएमला आणि भाराला किती इंधन द्यायचे याचा तक्ता) दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर भरला होता. आता ठाण्यातल्या पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळते आणि मधल्या काळात एक्झॉस्टमध्ये बसणारा जुना वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरही निकामी झाला होता, म्हणून पावसाळा संपताच बॉशचा नवा एलएसयू ४.९ सेन्सर बसवून मॅप पुन्हा तपासायला घेतला. गेल्या तीन आठवड्यांच्या या नोंदी आहेत. सेन्सर एक्झॉस्टमधले पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन पाहतो, हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. तरी त्याचा खरा अर्थ या तीन आठवड्यांत दोनदा नव्याने कळला.

लॅम्डा म्हणजे इंजिनात गेलेली हवा भागिले तेवढ्या इंधनाच्या पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा. तो १ पेक्षा कमी असला तर मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, आणि १ पेक्षा जास्त असला तर लीन, म्हणजे इंधन कमी. कंपनीचा साधा, नॅरोबँड सेन्सर लॅम्डा १ च्या आसपास ०.१ व्होल्टवरून ०.९ व्होल्टपर्यंत उडी घेतो. मिश्रण रिच आहे की लीन एवढे तो नेमके सांगतो, पण किती रिच हे त्याच्यावरून कळत नाही. टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर ०.८ ते ०.८५ च्या पट्ट्यात चालवायचे असल्याने त्याचा तिथे उपयोग नाही. वाइडबँडमध्ये याच जातीचा एक सेल असतो आणि त्याच्या जोडीला एक पंप सेल असतो. छोट्या कोठडीतला ऑक्सिजन आत-बाहेर ढकलून पहिल्या सेलचा व्होल्टेज ४५० मिलिव्होल्टवर धरून ठेवायचा, आणि त्यासाठी किती विद्युतप्रवाह लागला त्यावरून लॅम्डा काढायचा, अशी ही रचना आहे. हे सर्व ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. म्हणून थंड इंजिन सुरू करताच हीटरला पूर्ण वीज देऊ नये. पाइपातल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकते. माझा जुना सेन्सर बहुधा असाच गेला असावा, कारण आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या सायलेन्सरमधून सकाळी पाणी अक्षरशः ठिबकते.

नवा सेन्सर टर्बोच्या नंतर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवला आहे. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा दाब इतका चढतो की त्याने वाचन बिघडते, शिवाय तिथली उष्णताही सेन्सरला सोसत नाही. एम१८ चा बुश (सेन्सर ज्यात बसतो ती आट्यांची बैठक) पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळात दहा वाजतात तिथे वेल्ड केला, म्हणजे सेन्सरच्या टोकाशी पाणी साचत नाही.

पहिल्या रविवारी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला (पॅडल न दाबता) लॅम्डा १.१२ दिसला. इंधन बारा टक्क्यांनी वाढवल्यावर आकडा १ वर आला खरा, परंतु इंजिन सुधारण्याऐवजी बिघडले. आरपीएम वर-खाली होऊ लागला, पेट्रोलचा वास येऊ लागला आणि काढून पाहिलेल्या चारही प्लगांवर काजळी होती. मिश्रण खरोखर लीन असते तर इंधन वाढताच इंजिन शांत व्हायला हवे होते. त्यानंतर जुना मॅप परत टाकून लॉग नीट वाचला, तेव्हा आयडलला १.१२, २५०० आरपीएमला १.०४ आणि भार चढला की फरक जवळजवळ नाहीसा, असा क्रम दिसला. पाइपात सेन्सरच्या आधी कुठेतरी गळती असल्याची ही खूण आहे. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मध्ये दाब क्षणभर घटतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला एकूण वायूच थोडा असल्याने ती हवा आकड्यात मोठी दिसते, तर भारावर तिचा वाटा नगण्य होतो.

वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी लिफ्टवर घेतली. त्यांनी ब्लोअरची नळी चिंध्या कोंबून सायलेन्सरच्या तोंडात बसवली आणि ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फिरवले. टर्बोनंतरच्या फ्लँजवर, खालच्या बोल्टाशेजारी, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. गॅस्केट काढल्यावर त्याच जागी बोटभर लांबीची काळी रेघ होती. "साहेब, पाइप सरळ बसलेलाच नाही, बोल्टांनी ओढून आणलाय," असे ते म्हणाले. त्यांनी पाइप कापून सरळ केला, फ्लँजचा पृष्ठभाग घासून सपाट केला आणि नवे गॅस्केट बसवले. दुसऱ्या दिवशी जुन्याच मॅपवर आयडलचा लॅम्डा १.०३ आला.

उरलेले तीन टक्के इथेनॉलचे असावेत, असे मी धरतो. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१ पट आणि वीस टक्क्यांच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहिला तर २०२२ चा मॅप आज साधारण चार टक्के लीन चालणार. इथे अनेकांचा गोंधळ होतो तो गेजवरच्या एअर-फ्युएल रेशोमुळे. गेज लॅम्डा मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत कोणते पेट्रोल आहे हे त्याला माहीत नसते. म्हणून मी गेज कायमचा लॅम्डावर ठेवला आहे आणि सर्व लक्ष्येही लॅम्डातच लिहिली आहेत. आपण सर्वांनी परस्परांना आकडे सांगतानाही लॅम्डातच सांगावेत, असे मला मनापासून वाटते.

पूर्ण भाराचे काम सार्वजनिक रस्त्यावर करायचे नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे रबाळे एमआयडीसीतल्या एका डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणारे यंत्र) अर्धा दिवस घेतला. इग्निशन (स्पार्कची वेळ) आधी चार अंशांनी मागे घेतले आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, तो आवरणाऱ्या वेस्टगेट झडपेच्या स्प्रिंगवर, म्हणजे ०.६ बारवर ठेवले. आरपीएम स्थिर धरून मॅपमधली एकेक चौकट भरली. मोजलेल्या लॅम्डाला लक्ष्य लॅम्डाने भागायचे आणि त्या गुणोत्तराने चौकटीतला आकडा वाढवायचा. उदाहरणार्थ, ४००० आरपीएमला लक्ष्य ०.८२ असताना ०.८६ आला, म्हणून तिथला ८८ हा आकडा ९२.३ केला. चार-पाच चौकटींनंतर आत जाणाऱ्या हवेचे तापमान ५८ अंशांवर गेले की थांबून पंख्यासमोर गाडी निववावी लागे. बहुतेक वेळ त्यातच गेला.

५२०० आरपीएमला मात्र लॅम्डा ०.८२ वरून क्षणात ०.९७ वर उडाला आणि इंजिनाने झटका दिला. पॅडल लगेच सोडले. पंप कमी पडतो आहे असे पहिल्यांदा वाटले, परंतु लॉगमध्ये इंधनाचा दाब इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबापेक्षा ३ बारने वर, अगदी स्थिर होता. बूस्टमध्ये स्पार्क विझत होता. मिश्रण पेटले नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये येतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे 'लीन' सांगतो, मग सिलिंडरमध्ये पेट्रोल कितीही असो. तिथे इंधन वाढवले असते तर स्पार्क आणखी विझला असता. प्लगांची गॅप ०.९ वरून ०.६५ मिलिमीटर केली आणि पुढच्या फेरीत रेघ ०.८२ वर सरळ राहिली.

सध्या स्थिर भाराच्या सर्व चौकटी लक्ष्याच्या दोन टक्क्यांच्या आत आहेत. पॅडल एकदम दाबल्यावरचे इंधन अजून भरलेले नाही, कारण वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि कमी आरपीएमला तो उशीर जास्त असतो. लॉगमधला लॅम्डा कोणत्या क्षणाच्या इंजेक्शनचा आहे हे ठरवल्याशिवाय ते आकडे बदलणे चूक ठरेल. पुढच्या रविवारी ८००, १५०० आणि ३००० आरपीएमला गाडी स्थिर धरून, इंधन एकदम दहा टक्क्यांनी वाढवून हा उशीर मोजणार आहे.