चालणारा कापूस

माझं रोजचं काम दागिन्यांचं. झवेरी बाजारातल्या पेढ्यांसाठी नथी, ठुश्या, कुड्या यांचे फोटो काढतो. मोती कितीही जवळून टिपला तरी जागचा हलत नाही, हे या कामातलं मोठं सुख. त्यामुळे मार्चमध्ये पार्ल्याहून एका काकूंचा फोन आला, "निवडुंगांच्या नव्या वाढीचे फोटो हवेत, फुलांचे नकोत," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. निवडुंग म्हणजे कुंडीत लावलेला दगडच, असा माझा समज.

काकू पूर्वी लॅब टेक्निशियन होत्या. गच्चीच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या छताखाली त्यांच्या दीडशेच्या वर कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीची नोंद जाड बांधणीच्या रजिस्टरमध्ये. हिवाळा सरून ऊन चढू लागलं की झाडं जागी होतात, तेव्हा शेंड्यावर काय फुटलं ते त्या दरवर्षी भिंगातून बघून लिहितात. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ते जमेना, म्हणून मी.

सकाळी सातलाच पोचलो. नंतर वारा सुटतो आणि ऊनही करकरीत होतं. पहिली कुंडी फेरोकॅक्टसची. खालचे काटे राखाडी, मळकट. पण वर शेंड्याशी निघालेले नवे काटे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. काटे ज्या लोकरीच्या टिकलीतून फुटतात तिला एरिओल म्हणतात. ही टिकली असेल तरच तो खरा कॅक्टस, काकूंनी सांगितलं. आपला त्रिधारी निवडुंग त्यात बसत नाही. तो चीक गाळणारा, युफोर्बियाच्या कुळातला. कॅक्टस बहुतेक सगळे अमेरिका खंडांतून आलेले. "हात लाव, पण बुडाशी," त्या म्हणाल्या. काटा नखासारखा बुडातून वाढतो. टोक आधी तयार होऊन कडक झालेलं असतं, बूड मात्र अजून ओलसर, मऊ. लाल रंग तिथेच सगळ्यात गडद होता.

मी सवयीने बॅगेतून ग्लिसरीन-पाण्याची बाटली काढली.

"ते काय रे?"

"थेंब मारतो काकू. खाण्याच्या पदार्थांवर मारतात तसे. फोटोत ताजं दिसतं."

"ते तुझ्या भज्यांवर मार. शेंड्याच्या खळग्यात साचलं तर झाड कुजायचं. आणि थेंबच हवेत ना? त्याने स्वतःच काढलेत, बघ."

खरंच होते. वरच्या काट्यांच्या बुडाशी मधासारखे चिकट, चमकणारे बारीक थेंब. फुलाशी त्यांचा काही संबंध नाही. झाड एरिओलमधूनच गोड रस सोडतं आणि मुंग्या तो प्यायला येतात. पाच-सहा मुंग्या डोकं खुपसून बसल्या होत्या. मी ब्लोअरने उडवायला गेलो तर काकूंनी हात धरला. "त्यांचं हॉटेल आहे ते, असू दे. दुसऱ्या कुंडीवर दिसल्या तर मात्र मला सांग." मी मान हलवली आणि विसरलो.

मधल्या दोन तासांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फड्या निवडुंगाला मात्र नवा फडा फुटला होता, अंगठ्याएवढा, आणि त्यावर चक्क पानं! हिरवी, टोकदार, तांदळाच्या दाण्याएवढी. काही दिवसांत गळून जातात म्हणे, म्हणून लोकांना वाटतं याला पानं नसतातच. त्या नादात मी फड्याला बोट लावलं. मोठे काटे दिसतात तरी. याच्या टिकल्यांवर केसांहून बारीक, उलट्या दात्यांचे काटे असतात, ते लागलेले कळतही नाहीत. कळलं ते शटर दाबताना. काकूंनी शांतपणे सेलोटेप आणून बोटावर चिकटवली आणि ओढली. निम्मे निघाले.

मग 'म्हातारी'ची पाळी आली. मॅमिलारिया हाह्नियाना, मेक्सिकोची. गोल, अंगभर पांढरे केस, शेंड्याला कापसासारखी लोकर, आणि त्या लोकरीतून वर येणारे काचेसारखे नवे काटे. काकूंना नेमके तेच हवे होते. मॅक्रो लेन्सने जितका मोठा विषय तितकीच मोठी प्रतिमा घेतली, तर लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक करून एफ-आठला ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. ते आणखी बारीक केलं तर सगळंच मऊ पडतं. म्हणून फोकस कणाकणाने पुढे सरकवत खूप फ्रेम घ्यायच्या आणि कॉम्प्युटरवर एकमेकींत मिसळायच्या. नथीसाठी मी हे रोज करतो. अट एकच, मधल्या काळात काहीही हलता कामा नये.

पार्ल्यात ही अट म्हणजे चेष्टाच. इमारत रुळांपासून हाकेच्या अंतरावर, फास्ट गाड्या स्टेशनात न थांबता धडधडत निघून जातात आणि डोक्यावर विमानं. दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत तुकड्या-तुकड्याने ४६ फ्रेम घेतल्या. सुमारे चार मिनिटं लागली.

खाली काकूंच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. फोटो मिसळून झाला तो लखलखीत. काटा न् काटा सुटा. फक्त डाव्या कडेला, शेंड्यापासून जरा खाली, लोकरीचा एक पुंजका फासल्यासारखा दिसत होता, ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा. गाडीला शिव्या घातल्या. पुन्हा मिसळलं, तोच डाग. मग वाटलं ट्रायपॉड सरकला असेल. पण ट्रायपॉड सरकला तर सगळंच सरकेल. इथे शेजारचा काटा सुईसारखा रेखीव आणि डाग फक्त एका पुंजक्याला. शेवटी फ्रेम एकेक करून पुढे ढकलत बघू लागलो. सात, आठ, नऊ... विसाव्याच्या आसपास माझ्या मानेवर काटा आला. कापूस चालत होता.

"काकू, इकडे या जरा."

त्यांनी चष्मा बदलला, वाकून पाहिलं. "मागे घे. आता पुढे. परत मागे." मग एकच शब्द, "पिठ्या."

पिठ्या ढेकूण. पांढऱ्या मेणचट पिठाने माखलेला, रस शोषणारा किडा. पांढऱ्या लोकरीच्या झाडावर तो बसला की भिंगातूनही लोकरच वाटते. आणि हा नेमका नव्या वाढीजवळ, जिथे साल कोवळी. आम्ही वर धावलो. कुंडीच्या कडेवरून मुंग्यांची रांग वर चढत होती. पिठ्याच्या अंगातून गोड रस निघतो, मुंग्या त्या रसासाठी पिठ्याची राखण करतात. ती रांग मी कॅमेरा लावतानाच पाहिली होती. मला वाटलं हॉटेलातलीच मंडळी. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

लॅबमधल्या सवयीने घरात स्पिरिट कायम असतं. बारीक ब्रश त्यात बुडवून त्यांनी एकेक किडा टिपला. मी टॉर्च धरून उभा. सात मोठे निघाले, पिल्लं मोजली नाहीत. मग कुंडी उलटी करून मुळं तपासली, कारण यांची एक जात मातीत मुळांवरही राहते. मुळं स्वच्छ होती. म्हातारीची रवानगी खालच्या बाल्कनीत, एकटीची. स्पिरिटने केस चिकटून ती पावसात भिजलेल्या मांजरासारखी दिसत होती.

"हिचा फोटो मी खोडतो, परत काढू," मी म्हणालो.

"खोडतोस काय? पहिली फ्रेम आणि शेवटची शेजारी-शेजारी लाव. आणि स्केल टाक."

स्केल टाकली. काकूंनी रजिस्टर ओढलं, म्हातारीचं पान काढलं. वरच्या ओळींत गेल्या वर्षीच्या काट्यांची मापं होती. त्याखाली त्यांनी तारीख घातली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: नवे काटे ११. पिठ्या ढेकूण, वेग ४ मिनिटांत २ मिमी.

"पंधरा दिवसांनी ये," पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या. "तोवर तिचे केस वाळतील. आणि येताना ते भज्यांचं पाणी आणू नकोस."