तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याच्या वाद्याला नमस्कार कशाला?

मोठ्या कलाकाराचं वाद्य कुठे बघायला मिळणार असलं की मी हातातलं काम टाकून जातो आणि समोर गेलो की हात आपोआप जोडले जातात, त्यामुळे "अरे लाकूड आणि तारा, त्यात एवढं काय?" हे बरेचदा ऐकावं लागतं. तर सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं त्या वाद्यांच्या आवाजातच जादू असणार. पण 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला एक टेस्ट झाली, 21 व्हायोलिनवादकांना काळे गॉगल लावून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली, जुन्यात इटलीच्या नामांकित कारागिरांच्या हातची दोन स्ट्रॅडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी होतं, आणि घरी न्यायला कुठलं आवडेल म्हटल्यावर बहुतेकांनी नवंच निवडलं. म्हणजे आवाजाचा मुद्दा फारसा टिकत नाही.

माझं कारण बघायचं तर अमेरिकन गायक विली नेल्सनच्या 'ट्रिगर' नावाच्या गिटारचा फोटो झूम करून बघा. मार्टिन कंपनीची एन-20, त्याने 1969 मध्ये घेतलेली, नायलॉनच्या तारांची. अशी गिटार बोटांनी वाजवायची असते म्हणून तिला पिकगार्ड, म्हणजे ओरखडे अडवणारी पट्टी, नसतो, पण विली वाजवतो पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, आणि वर्षानुवर्षं घासून घासून साउंडहोलच्या शेजारी पुढच्या फळीला चक्क आरपार दुसरं भोक पडलंय! आजूबाजूचं पॉलिश कधीच उडालंय आणि उरलेल्या जागेत दोस्तमंडळींच्या सह्या. टेनेसीतलं घर जळत होतं तेव्हा हा माणूस आत घुसून ही गिटार घेऊन बाहेर आला होता. एरवी कुणाचा रियाज आपल्याला डोळ्यांनी कुठे दिसतो, इथे तो दिसतो, बोट घालून मोजता येईल इतका. मी हात जोडतो ते त्या झिजेला, प्रसिद्धीला नाही.

आपल्या मिरजेचं बघा ना, तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे त्याचा झंकार जुळवतात, तेव्हा तारा जिच्यावर टेकतात ती घोडी थोडी थोडी घासत, तार छेडून ऐकत, गाणाऱ्याला हवा तसा झंकार येईपर्यंत बसतात. तो तंबोरा मग त्या गवयाच्या कानाचा होऊन जातो. गवई गेला तरी त्याला काय गोड लागायचं ते त्या घोडीवर थोडंफार राहतंच.

आणि हे ज्याला दिसत नाही त्याच्या हातात असं वाद्य पडलं की काय होतं? 2016 च्या डिसेंबरमध्ये बनारसला बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाया चोरीला गेल्या, बहुतेक चांदीच्या. सराफाला विकल्या 17 हजाराला, आणि पोलिसांच्या हाती लागली ती वितळवलेली चांदी. ज्यातून खाँसाहेबांचा श्वास गेला त्याचा भाव तराजूवर ठरला. बातमी वाचून मी खरंच रडलो होतो, आजही तो विषय निघाला की घसा दाटतो.

वाद्य काचेत बंद करून ठेवायचं यालाही माझा विरोध आहे. पॅगनिनी या जुन्या काळच्या मोठ्या व्हायोलिनवादकाने त्याचं 1743 चं ग्वार्नेरी व्हायोलिन आपल्या गावाला, इटलीतल्या जेनोवाला देऊन टाकलं, आणि ते लोक ते जपतात पण वाजवूही देतात, पॅगनिनी स्पर्धा जिंकणाऱ्याला ते हातात मिळतं. माझं चाललं असतं तर खाँसाहेबांच्या शहनायाही नवीन पत्ती लावून अधूनमधून बनारसच्या एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या हातात दिल्या असत्या.