मयताचं ओळखपत्र

रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली बर्फाची लादी ठेवलेली असते. भर दुपारी तिच्याखालून निघालेली पाण्याची रेघ फुटपाथ ओलांडून गटारापर्यंत पोचते. ती रेघ दिसली की सीरियन लेखक खालेद खलिफांची कादंबरी आठवते. उसाच्या रसाशी तिचा काही संबंध नाही, हे कबूल.

अरबीत ती २०१६ साली आली. लेरी प्राइस यांचा इंग्रजी अनुवाद, ‘डेथ इज हार्ड वर्क’, २०१९चा. गोष्ट म्हटली तर एवढीशी. यादवीत होरपळणाऱ्या सीरियात अब्दुल लतीफ नावाचे म्हातारे शिक्षक दमास्कसमध्ये साध्या, नैसर्गिक मरणाने जातात. त्या दिवसांत तीसुद्धा चैनच. जाताना सांगून जातात, हलबकडच्या (म्हणजे अलेप्पोकडच्या) अनाबिया गावी, माझ्या बहिणीशेजारी पुरा. बुलबुल हा त्यांचा मुलगा हो म्हणून बसतो. मग तो, भाऊ हुसेन आणि बहीण फातिमा बापाला हुसेनच्या मिनिबसमध्ये घालून निघतात. दमास्कस ते हलब सुमारे ३५० किलोमीटर. होम्स, हमा करत चार-पाच तासांचा हमरस्ता. यांना तीन दिवस लागतात.

आता प्रेताला काही तीन दिवस दम निघत नाही. काही तासांत अंग आखडायला लागतं, बाराएक तासांत लाकूड होतं आणि दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. पोटावर उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग उठतो. मोठ्या आतड्याची सुरुवात तिथेच. मग पोट फुगतं. म्हणून बर्फ लावायचा तो पोटाभोवती. लोक उशाशी लावतात, कारण तोंड बघायला माणसं यायची असतात. वितळलेल्या पाण्याला वाट काढून द्यायची, नाहीतर कफन भिजतं आणि भिजलेली कातडी लवकर सुटते. बंद गाडीत कोरडा बर्फ घालण्याची हुशारी तर करूच नये. त्याच्या वायूने सोबतचे गुदमरले, तर एका मयताची चार होतात.

इस्लामी रिवाजाला हे सगळं ठाऊक आहे. दफन शक्यतो त्याच दिवशी. अंघोळ तीनदा किंवा पाचदा, विषमच. पाण्यात बोरीच्या जातीतल्या झाडाचा पाला, शेवटच्या पाण्यात कापूर. पुरुषाला न शिवलेल्या पांढऱ्या कापडाचे तीन तुकडे. कबरीत उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे. म्हणजे हलबमध्ये दक्षिणेला. मयत, कफन, कबर हे आपल्या तोंडातले शब्द मुळात अरबीच, त्यामुळे आपल्याला पुस्तकात पाहुण्यासारखं बसावं लागत नाही.

वाटेतल्या तपासणी नाक्यांना मात्र घाई नसते. २०२४च्या डिसेंबरात असद राजवट पडेपर्यंत सीरियात गुप्तचर खाती एक नव्हे, चार होती: लष्करी, हवाई दलाचं, राजकीय आणि सर्वसाधारण. बाप सरकारला हवा होता, त्याचं नाव यादीत. तेव्हा नाक्यावर प्रेताला अटक होते. शिपायाचं तरी काय चुकलं? यादीत ‘पकडा’ लिहिलंय. ‘जिवंत असल्यास’ असं कुठे लिहिलंय?

याला समीक्षक ‘काळा विनोद’ म्हणतात, ते काही पटत नाही. विनोद करायला कुणी मोकळाच नाही या पुस्तकात, जो तो आपापलं काम करतोय. वारलेल्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन जो खिडकीशी उभा राहिलाय, तो हे पान वाचून हसेल आणि मग उगाच इकडेतिकडे बघेल.

खलिफा युद्धातही दमास्कस सोडून गेले नाहीत. ३० सप्टेंबर २०२३ रोजी तिथेच हृदयविकाराने वारले, वय ५९.

बर्फाच्या, नाक्यांच्या नादात ती बहीण राहूनच गेली. लैला तिचं नाव. नको असलेल्या माणसाशी लग्न लावत होते, तर लग्नाच्याच दिवशी तिने स्वतःला पेटवून घेतलं. म्हाताऱ्याला जागा हवी होती ती तिच्या शेजारची.