कर्लीच्या मुखातून निवतीच्या खडकांपर्यंत

मालवण तालुक्यातलं देवबाग हे गाव नकाशावर पाहिलं की थोडं थबकायला होतं. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी. दक्षिणेला ही पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडचा किनारा भोगव्याचा, म्हणजे वेंगुर्ला तालुका. खाडीच्या आतल्या संथ पाण्यात, कांदळवनाच्या कडेकडेने मी आधी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी चिंचोळी होडी, वल्हवली होती. या वेळी मात्र आमचा गट मुखातून बाहेर पडून किल्ले निवतीच्या खडकांपर्यंत जाणार होता. उघड्या समुद्रात माझी ही पहिलीच खेप.

आम्हाला नेणारे दादा देवबागचेच. मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज त्यांनी पाहिलाच, पण निघायची वेळ ठरवली ती तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. त्या दिवशी पंचमी होती. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती आणि दहाच्या आसपास ओहोटी पूर्ण. सातला निघालं तर उतरतं पाणी बाहेर नेणार आणि उशिरा परतताना चढतं पाणी आत आणणार. वाऱ्याचं वेळापत्रकही त्यांनी काठावरच सांगितलं: सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, ऊन तापलं की समुद्राकडून खारा वारा. तो इथे बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे परतीच्या वाटेवर तोंडावरच.

गटाची रचना साधी होती. सगळ्यांत पुढे दादा, सगळ्यांत मागे त्यांचा अनुभवी सहकारी, मधे आम्ही सगळे, आणि वेग सर्वांत हळू वल्हवणाऱ्याचा. वल्हं उभं धरलं तर माझ्याकडे या, आडवं धरलं तर थांबा. शिट्टी एकदा वाजली तर इकडे बघा, तीनदा वाजली तर मदत हवी. या खुणा एवढ्या ठरवून का घ्यायच्या, ते मुखाशी पोचल्यावर कळलं.

त्सुनामी बेट म्हणतात तो वाळूचा पट्टा मागे पडला आणि पाण्याची चाल बदलली. नदीचं उतरतं पाणी बाहेर धावत होतं, समुद्राच्या लाटा आत येत होत्या. असा समोरासमोर मुकाबला झाला की लाटांमधलं अंतर कमी होतं आणि त्या उभट होतात. उंचीने तशा फार नव्हत्या, पण एक ओलांडेपर्यंत दुसरी पुढ्यात. दादांनी लाटा फुटणारा उथळ भाग टाळून खोल पाण्यातून वाट काढली होती, तरीही कयाकचं नाक वर जायचं आणि धपकन खाली आपटायचं. पुढची कयाक लाटेमागे गेली की फक्त वल्ह्याचं पातं दिसायचं, कधी तेही नाही. आवाज तर वाऱ्यावरच विरून जायचा.

माझी पाठ ताठ झाली होती, हे दादांनी मान वळवून एकदा बघितलं तेवढ्यात ओळखलं. कयाक मंद करत ते माझ्या शेजारी आले. म्हणाले, "ताई, होडी हलतली. हलांदे तिका. तुमी आंग सैल सोडा, आणि वल्हवत ऱ्हवा."

त्या तीन वाक्यांत खवळत्या पाण्याचं निम्मं शिक्षण आहे, असं मला मनापासून वाटतं. कंबरेखालचं शरीर कयाकबरोबर डोलू द्यायचं, कंबरेवरचं सरळ ठेवायचं. नजर लाटेवर नाही, पुढे क्षितिजावर. आणि वल्हं थांबवायचं नाही, कारण पाण्यात असलेलं वल्हं हाच आधार. इथल्या मच्छीमारांच्या लहान होड्यांना बाजूला उलांडी (जोडलेला तरंगता लाकडी ओंडका) असते, ती होडीला कलंडू देत नाही. कयाकला उलांडी नसते. ते काम तुमच्या वल्ह्याला करावं लागतं, प्रत्येक झोक्याला. काठ घट्ट पकडून बसावंसं वाटतं त्याच क्षणी हात मोकळे हवेत.

मुख ओलांडल्यावर भोगव्याचा लांबलचक किनारा डावीकडे ठेवून आम्ही सुखाने पुढे गेलो. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या मोटरबोटी जवळून गेल्या की त्यांच्या लाटेकडे नाक वळवायचं, एवढंच सांभाळावं लागलं.

निवतीच्या खडकांजवळ पाणी पुन्हा वेगळं वागायला लागलं. लाट कड्यावर आपटते, उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेला भिडते. मग पाण्याला दिशाच उरत नाही, आधणासारखं ते जागच्या जागी उसळतं. नवख्या माणसाला खडक जवळून बघायचा मोह होतो, पण दादांनी आम्हाला बरंच बाहेरून फिरवलं आणि आडोशाच्या वाळूवर नेऊन उतरवलं. तिथून दक्षिणेकडे समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं दिसतात. तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत. ते अंतर कयाकने तोडायचं काम माझ्यासारखीचं नाही, निदान अजून तरी.

परतताना खारा वारा सुटलाच. लाटांवर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले. वारा दहा नॉटच्या (ताशी साधारण अठरा किलोमीटरच्या) आसपास गेला की असे तुरे दिसतात. आमच्यातल्या एका काकांना डावीकडून आडवी लाट लागली आणि कयाक उलटली. मागच्या सहकाऱ्याने तीन शिट्ट्या दिल्या. आम्हाला आधीच बजावलेलं होतं: कुणी पाण्यात पडलं तर गर्दी करायची नाही. वाऱ्याकडे नाक करून, एकमेकांच्या नजरेत राहून, जागा धरण्यापुरतं वल्हवत राहायचं.

ती काही मिनिटं मला सगळ्यांत अवघड गेली. मदतीला धावावं असं वाटत होतं आणि धावायचं नव्हतं. काकांनी लाइफ जॅकेटच्या भरवशावर तरंगत वल्हं हातातून सुटू दिलं नाही. सहकाऱ्याने त्यांची कयाक सुलटी केली, आपली तिला बाजूने लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. काकांनी पाय मारत आधी पोटावर आडवं होत अंग वर घेतलं, मग वळून बसले. आमच्या कयाक वरून उघड्या असल्याने पाणी उपसायचा प्रश्न नव्हता. दादांनी वल्हं उभं धरलं, आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो, कयाक एकमेकींना चिकटवून धरल्या आणि काकांना पाणी व गूळ-शेंगदाणे दिले. एकेकटी डुगडुगणारी कयाक अशी जोडली की केवढी स्थिर होते! काका हसायला लागल्यावरच आम्ही हललो.

यानंतर दादांनी काकांना मधे घेतलं आणि वेग आणखी कमी केला. कुणीही कुरकुर केली नाही. मुखाशी पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. लाट आणि ओढ आता एकाच दिशेने असल्याने सकाळचं ते उभट पाणी बरंच पसरट झालेलं. मागून येणारी लाट पुढच्या माणसावर नेऊन आदळू नये म्हणून आम्ही अंतर वाढवलं आणि एकेक करून आत आलो.

तुम्हाला जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळ धरा आणि गटात पुढे-मागे अनुभवी माणूस आहे का ते आधी विचारा. शक्य असेल तर अष्टमीच्या आसपासचा दिवस मागून घ्या. तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, आणि मुखातली पाण्याची ओढही कमी असते. काकांनी पुढच्या खेपेसाठी तशीच तारीख मागितली आहे, आणि त्यांच्या शेजारची कयाक मी.